पूर्व जेरुसलेमचे ‘कायमचे रहिवासी’ आणि त्यांचे वकील

रानजाई (धागाकर्ती)

पॅलेस्टाइनवर इथे आलेले अलीकडचे बहुतेक धागे युद्धाबद्दलचे आहेत. ते साहजिकच आहे. मला मात्र ज्यांच्या घरावर बॉम्ब पडलेला नाही अशा लोकांबद्दल लिहायचं आहे. त्यांना स्वतःच्या गावात राहायला, नवऱ्याला किंवा बायकोला सोबत ठेवायला, स्वतःच्या शेतावर जायलाही परवानगी लागते. आणि ती परवानगी मिळवण्यासाठी त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या वकिलांबद्दलही लिहायचं आहे. मी स्वतः वकिली करते, बहुतेक वेळ कौटुंबिक न्यायालयात. त्यामुळे लग्न, मूल आणि घर या गोष्टी कागदावर सिद्ध करायला लागणं म्हणजे काय, ते रोज बघते. तरी या प्रकरणांचे निकाल वाचायला लागले तेव्हा सुन्न झाले.

सुरुवात १९६७ पासून करू. जूनच्या युद्धानंतर इस्रायलने पूर्व जेरुसलेम आणि भोवतालच्या गावांची मिळून सुमारे ७० चौरस किलोमीटर जमीन स्वतःच्या जेरुसलेम महापालिकेत घेतली. मग शिरगणती केली. त्या वेळी हद्दीत हजर असलेल्या साधारण ६६ हजार पॅलेस्टिनींना ‘कायमचा रहिवासी’ हा दर्जा दिला. जे त्या दिवसांत शिकायला, नोकरीला किंवा नातेवाइकांकडे बाहेर होते, ते यादीतून सुटले. नागरिकत्व दिलं नाही, निवासाचा परवाना दिला. आणि हा परवाना चालतो १९५२ च्या ‘इस्रायल प्रवेश कायद्या’खाली, म्हणजे परदेशातून इस्रायलमध्ये येऊन राहणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली. ही माणसं कुठूनही आलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत होती, हद्दीची रेषा त्यांच्यावरून पलीकडे सरकली.

१९७४ च्या नियमांनुसार हा दर्जा तीन कारणांनी संपू शकतो: सात वर्षं बाहेर राहणं, दुसऱ्या देशात कायम निवास मिळवणं, किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणं. पुढे १९८८ मध्ये मुबारक अवाद यांचं प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जेरुसलेममध्ये जन्मलेले, अहिंसक प्रतिकाराचा प्रचार करणारे हे गृहस्थ अमेरिकेत शिकले आणि तिथलं नागरिकत्व घेऊन परतले होते. न्यायालय म्हणालं की आयुष्याचं केंद्र दुसरीकडे हललं की निवासाचा दर्जा आपोआप संपतो, कोणी रद्द करायचीही गरज नाही. अवाद यांना हद्दपार केलं गेलं.

‘आयुष्याचं केंद्र’ हे शब्द लक्षात ठेवा. १९९५ च्या अखेरीपासून गृहखात्याने हीच कसोटी सरसकट लावायला सुरुवात केली. आता सात वर्षं परदेशी राहण्याचीही गरज उरली नाही. जेरुसलेममध्ये घर परवडत नाही म्हणून कोणी अर-राम किंवा अबू दीसला राहायला गेलं, म्हणजे हद्दीला लागून असलेल्या उपनगरात, तरी खातं म्हणायला मोकळं की तुमचं केंद्र हललं. ते हललेलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी रहिवाशाची. घरभाड्याचा करार, अर्नोना या महापालिका कराच्या पावत्या, वीजबिलं, पाणीपट्टी, मुलांच्या शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, आणि हे सगळं वर्षानुवर्षांचं. शिवाय राष्ट्रीय विमा संस्थेचे तपासनीस घरी येऊन बघतात की कपाटात कपडे कोणाचे आहेत, बिछान्यावर खरंच कोणी झोपतं का.

या कामात सर्वांत जास्त काळ असलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे हामोकेद. १९८८ मध्ये, पहिल्या इंतिफादाच्या (पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात, डॉ. लोटे साल्झबर्गर यांनी ती सुरू केली. त्या स्वतः होलोकॉस्टमधून वाचलेल्या आणि जेरुसलेमच्या माजी उपमहापौर. सुरुवातीला ती सैनिकांच्या हिंसेला बळी पडलेल्यांसाठी एक दूरध्वनी सेवा होती. लोक फोन करून विचारू लागले ते मात्र वेगळंच: माझ्या मुलाला उचललं, तो कुठल्या तुरुंगात आहे? माझ्या बायकोला परत येऊ देत नाहीत, काय करू? या प्रश्नांमधून संस्थेचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. तिथे इस्रायली ज्यू आणि पॅलेस्टिनी दोघंही काम करतात.

दोनच आकडे देऊन थांबते. १९६७ ते २००७ या चाळीस वर्षांत पूर्व जेरुसलेमच्या ८,५५८ जणांचा दर्जा काढला गेला. एकट्या २००८ मध्ये ४,५७७ जणांचा. हे आकडे सरकारने आपणहून जाहीर केलेले नाहीत, हामोकेदने गृहखात्याकडून मिळवले.

---

साधा_वाचक

रानजाईताई, छान धागा. बाळबोध वाटेल, पण एक विचारतो. ही माणसं इस्रायलचं नागरिकत्वच का घेत नाहीत? एकदा घेतलं की प्रश्न मिटला ना?

---

रानजाई

बाळबोध अजिबात नाही, पहिला प्रश्न हाच पडतो. कायद्याने ते अर्ज करू शकतात. बहुसंख्य लोक करत नाहीत, कारण अर्ज करणं म्हणजे विलीनीकरण मान्य करणं, राज्याशी निष्ठेची शपथ घेणं. ज्या राज्याला आपल्यावरचा ताबा म्हणून ते बघतात त्याचीच शपथ कशी घ्यायची? अलीकडे अर्ज वाढले आहेत, पण प्रक्रिया वर्षानुवर्षं रेंगाळते आणि कितीतरी अर्ज नाकारले जातात. तिथेही परत तेच, आयुष्याचं केंद्र सिद्ध करा.

आजच्या घडीला पूर्व जेरुसलेममध्ये साडेतीन लाखांहून जास्त पॅलेस्टिनी आहेत. ते महापालिकेला मत देऊ शकतात, संसदेला नाही. कर सगळे भरतात. आणि हा दर्जा नवऱ्याकडून बायकोला किंवा आईकडून मुलाला आपोआप मिळत नाही. मूल जेरुसलेमच्या रुग्णालयात जन्मलं तरी आईवडिलांपैकी एकजण वेस्ट बँकचा असेल तर त्याची नोंद व्हायला अर्ज, पुरावे आणि वकील लागतो. चौदा वर्षांच्या आत नोंद झाली तर मूल पुढे कायमचा रहिवासी होऊ शकतं. चौदा उलटल्यावर हातात बहुधा फक्त तात्पुरता परवाना पडतो. त्यामुळे हामोकेद आणि सेंट इव्ह (ही कॅथलिक चर्चशी जोडलेली संस्था) यांच्याकडच्या प्रकरणांत मुलांच्या नोंदणीची प्रकरणं फार. आईला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं की थांबू नको, आजच अर्ज कर. माझ्या मते एवढं सांगणं हेच या सगळ्यातलं सर्वांत मोलाचं कायदेशीर साहाय्य आहे.

---

टाकसाळ

मीही वकील. अवाद निकाल पूर्वी वाचला होता, त्याचा युक्तिवाद तेव्हाच खटकला होता. परवाना हा एखाद्या कराराप्रमाणे आहे, अट मोडली की तो विरतो, असं काहीसं. पण ज्याच्या संमतीशिवाय परवाना लादला, त्याला अटींची आठवण कशी करून देणार? प्रश्न असा की नंतर न्यायालयाने हे कधी मवाळ केलं का? आणि याचिका थेट सर्वोच्च न्यायालयात जातात का? कब्जाखालच्या प्रदेशातला माणूस कब्जा करणाऱ्याच्या न्यायालयात थेट जाऊ शकतो ही व्यवस्था जगात फारशी कुठे दिसत नाही.

---

रानजाई

टाकसाळ, होय. १९६७ नंतर तेव्हाचे लष्करी विधी प्रमुख आणि पुढे महान्यायवादी झालेले मेइर शमगार यांनी भूमिका घेतली की वेस्ट बँक आणि गाझातल्या लोकांनी केलेल्या याचिकांना ‘तुम्हाला इथे येण्याचा अधिकार नाही’ अशी हरकत सरकारने घ्यायची नाही. तिथून हा दरवाजा उघडला. आता वाटा वाटल्या गेल्या आहेत. जेरुसलेमच्या निवासाची प्रकरणं २०१४ पासून आधी एका अपील न्यायाधिकरणापुढे जातात, मग प्रशासकीय न्यायालय, मग वर. वेस्ट बँकच्या ये-जा करण्याच्या याचिका २०१८ च्या कायद्याने जेरुसलेमच्या प्रशासकीय न्यायालयाकडे गेल्या. पायऱ्या वाढल्या म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाढले.

मवाळ झालं का, तर दोनदा थोडं. १९९० च्या दशकाच्या शेवटी अनेक संस्थांनी मिळून याचिका केली. त्यावर मार्च २००० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री नातान शरान्स्की यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की ज्यांनी शहराशी संबंध टिकवला आणि जे परत येऊन दोन वर्षं राहिले त्यांचा दर्जा परत दिला जाईल. पुढे हजारो लोकांच्या अर्जात ‘शरान्स्की प्रतिज्ञापत्रा’चा हवाला दिसतो. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पूर्व जेरुसलेमचे रहिवासी हे बाहेरून आलेल्यांसारखे नाहीत, त्यांचं या भूमीशी मूळचं नातं आहे, आणि दर्जाचा निर्णय करताना ते विचारात घ्यायला हवं. हे मान्य व्हायला पन्नास वर्षं लागली.

पण त्याच्या पुढच्याच वर्षी संसदेने ‘राज्याशी निष्ठेचा भंग’ या कारणावरून दर्जा काढण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना दिला. सालाह हम्मूरी हे नाव ऐकलं असेल. जन्म पूर्व जेरुसलेमचा, आई फ्रेंच, स्वतः वकील, कैद्यांसाठी काम करणाऱ्या अद्दमीर संस्थेत. याच कारणावरून त्यांचा दर्जा काढला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना विमानात बसवून फ्रान्सला पाठवलं. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी न्यायालयात उभ्या राहणाऱ्यालाच शहराबाहेर काढलं.

---

कोकणकडा

वाचून राग येतोय. पण बायको-नवऱ्याच्या मुद्द्यावर अजून लिहा ना. माझी आतेबहीण गोव्यात दिली, तिला कोणी विचारत नाही सासर कुठे म्हणून.

---

रानजाई

कोकणकडा, त्याचा कायदा ३१ जुलै २००३ चा. नाव ‘नागरिकत्व व इस्रायल प्रवेश कायदा (तात्पुरता आदेश)’. याने वेस्ट बँक किंवा गाझाच्या माणसाशी लग्न केलेल्या इस्रायली नागरिकाला वा जेरुसलेमच्या रहिवाशाला आपल्या जोडीदारासाठी दर्जा मागणंच बंद केलं. पुढे अपवाद आला: पुरुष ३५ च्या वर आणि स्त्री २५ च्या वर असेल तर परवाना मागता येतो. म्हणजे राहण्याचा कागद मिळतो, दर्जा नाही. त्याचं पुन्हा पुन्हा नूतनीकरण, आणि कोणी नातेवाईक ‘सुरक्षेच्या कारणाने’ यादीत आला की तोही जातो.

हा कायदा दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला, २००६ आणि २०१२ मध्ये. दोन्ही वेळा ६ विरुद्ध ५ असा टिकला. २००६ ला सरन्यायाधीश आहरोन बराक अल्पमतात होते. अवाद प्रकरणाचा निकाल लिहिणारेही तेच, हे इथे नोंदवण्यासारखं. जुलै २०२१ मध्ये संसदेत ५९-५९ अशी समसमान मतं पडून मुदतवाढ मिळाली नाही आणि ‘तात्पुरता’ कायदा संपला. मार्च २०२२ मध्ये नव्याने केला.

मग जोडपी काय करतात? बरीचशी कुफ्र अकबला जातात. हा भाग महापालिकेच्या हद्दीत आहे, पण इस्रायलने वेस्ट बँकच्या बाजूने बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे. जेरुसलेमची निळी ओळखपत्रं असलेल्याला तिथे राहून ‘आयुष्याचं केंद्र’ शहरातच आहे असं दाखवता येतं, आणि वेस्ट बँकच्या हिरव्या ओळखपत्राचा जोडीदार तिथे नाका न ओलांडता येऊ शकतो. कर जेरुसलेमचा, सेवा जवळपास शून्य. कचरा पडून, रस्ते अर्धवट, एकाला एक चिकटून वाढलेल्या बहुमजली इमारती. मुलं शाळेत जायला रोज कलंदिया नाक्यावर रांगेत. लोक तिथे का राहतात असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ आहे: नवरा, बायको आणि मुलं एका छताखाली राहू शकतील अशी दुसरी जागाच नाही.

---

अश्दोदची_लेक

मी इथली जुनी वाचक, लिहिते क्वचित. माझं कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातलं, मूळ रायगडचं. मी अश्दोदला वाढले. धागा वाचून बोलावंसं वाटलं, रागावू नका.

तुम्ही २००३ चा कायदा सांगितला, पण २००२ चा मार्च सांगितला नाही. त्या महिन्यात नेतान्याच्या पार्क हॉटेलात पेसाख या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेली तीस माणसं मारली गेली. बसमध्ये चढताना आई आम्हाला वेगवेगळ्या बसने पाठवायची. भिंत त्यानंतर बांधायला घेतली. आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. इथे प्रत्येकाला कोणी ना कोणी ओळखीचं आहे. सरकार परवाना मागतं ते उगाच त्रास द्यायला मागत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं. हामोकेदचं काम मला माहीत आहे, त्यांच्याबद्दल इथे लोक कडवट बोलतात. मी तसं बोलणार नाही. पण भीती खरी आहे एवढं लिहायचं होतं.

---

कोकणकडा

भीती खरी म्हणून सासू आजारी असताना भेटायला जाऊ द्यायचं नाही? शेतकऱ्याला त्याच्याच ऑलिव्हच्या बागेत सोडायचं नाही?

---

रानजाई

कोकणकडा, जरा सबुरीने. अश्दोदची_लेक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, आणि २००२ चा उल्लेख मूळ लेखात हवाच होता. नेतान्याच्या आधी आणि नंतरही बसमध्ये, उपाहारगृहांत सामान्य माणसं मारली गेली. ती भीती कोणी खोटी ठरवू नये.

मी फक्त एवढं म्हणते की भिंत सुरक्षेसाठी असेल तर ती हद्दीवर हवी. नियोजित मार्ग सुमारे ७०० किलोमीटरचा, आणि त्यातला जवळपास ८५ टक्के वेस्ट बँकच्या आत आहे. हे तुमच्याच सर्वोच्च न्यायालयापुढेही आलं. ३० जून २००४ च्या बेइत सुरिक निकालात न्यायालयाने वादातल्या ४० पैकी सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग रद्द केला, कारण गावकऱ्यांचं नुकसान सुरक्षेच्या फायद्याच्या मानाने फार होतं. २००७ मध्ये बिलइन गावासाठी तसाच निकाल आला. तिथे तर न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की हा मार्ग सुरक्षेने नाही, वेस्ट बँकमधल्या ज्यू वस्तीच्या नियोजित विस्ताराने ठरला आहे. म्हणजे सुरक्षेचं कारण खरं की नाही हे तपासायला कोणीतरी याचिका करावी लागते. ती नसेल तर तपासणीच नाही.

शेताबद्दल. भिंत आणि १९४९ ची युद्धबंदी रेषा यांच्यामधल्या पट्ट्याला ‘सीम झोन’ म्हणतात. ऑक्टोबर २००३ पासून तो बंद लष्करी भाग आहे, पण पॅलेस्टिनींसाठी. इस्रायली नागरिकाला, अगदी परदेशी पर्यटकालाही तिथे परवाना लागत नाही. शेताच्या मालकाला लागतो. भिंतीतल्या दाराला वेळापत्रक आहे, काही दारं फक्त ऑलिव्ह तोडणीच्या हंगामात उघडतात. परवाना शेतकऱ्याला मिळेल, पण त्याच्या बायकोला किंवा भावाला मिळेलच असं नाही. हामोकेद आणि इस्रायलमधल्या नागरी हक्क संघटनेने या सगळ्या परवाना पद्धतीलाच आव्हान दिलं. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने ते मुख्यतः फेटाळलं. त्यानंतर लष्कराच्या २०१७ च्या नियमांत आलं की ३३० चौरस मीटरपेक्षा लहान तुकड्याला ‘शेतीची गरज’ नाही. वारसांत वाटणी होऊन जमिनीचे तुकडे पडतात हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागू नये. चार भावांत वाटलेली बाग त्या नियमाने शेतीच उरत नव्हती. आणि ७ ऑक्टोबरनंतर यातली बहुतेक दारं मोठ्या काळासाठी बंदच राहिली.

---

अश्दोदची_लेक

बेइत सुरिकचं माहीत होतं. ३३० मीटरचं नव्हतं.

एक गोष्ट सांगते, कदाचित इथे फारशी माहीत नसेल. आमच्या समाजाला इथे नागरिकत्व आल्याबरोबर मिळालं, परतीच्या कायद्याने, म्हणजे ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याने. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न इतर ज्यूशी लावताना त्याच्या आईचं, आजीचं, त्यापलीकडचं मूळ तपासावं. कोकणातल्या आमच्या बायका पणजीचे कागद कुठून आणणार होत्या? १९६४ मध्ये समाजाने जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायका-मुलांसह. शेवटी सरकारने संसदेत जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत. घरात अजून त्या दिवसांबद्दल मराठीतच बोलतात. ‘कागद आणा’ असं म्हणणाऱ्याला माझी आजी काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन्ही गोष्टी एक नव्हेत, मला कळतं. आम्ही जिंकलो कारण आम्हाला मत होतं.

---

तांबडमाती

शेवटच्या वाक्याला +१००.

मला दुसरा धागा जोडायचा आहे. माझा चुलतभाऊ सेंट्रिंगचं काम करतो. २०२४ मध्ये इस्रायलला बांधकाम कामगार हवेत म्हणून आधी हरयाणा आणि उत्तर प्रदेशात भरती झाली. मग सप्टेंबरात पुण्यात चाचण्या ठेवल्या, तेव्हा आमच्या भागातली पोरंही गेली. पगार इथल्या कितीतरी पट. तेव्हा कोणी बोललं नाही की ही जागा रिकामी का झाली. तुमचा धागा वाचून लक्षात येतंय. मी भावाला दोष देत नाही, घरात कर्ज आहे.

---

रानजाई

तांबडमाती, तुमच्या भावाला दोष देण्याचं कारणच नाही. जागा रिकामी कशी झाली ते मात्र सांगायला हवं.

७ ऑक्टोबरपूर्वी वेस्ट बँकच्या सुमारे दीड लाख लोकांकडे इस्रायल आणि वसाहतींत काम करण्याचे परवाने होते, गाझाच्या सुमारे साडेअठरा हजारांकडे. बांधकाम हा त्यातला सर्वांत मोठा धंदा. वेस्ट बँकवाल्यांचा प्रवेश थांबवला. गाझावाल्यांचे परवाने एका रात्रीत रद्द झाले. ते त्या दिवशी इस्रायलमध्ये कामावर होते, कायदेशीररीत्या आलेले, आणि अचानक बेकायदा ठरले. हजारो जणांना लष्करी तळांवर ठेवलं. बायकामुलं गाझात, त्यांना पत्ता नाही की आपला माणूस कुठे आहे.

इथे हामोकेदचं १९८८ चं मूळ काम पुन्हा उपयोगी पडलं. कुटुंबांचे आणि ओळखीच्यांचे फोन येऊ लागले, नावांची यादी बनत गेली. गिशा वगैरे संस्थांबरोबर मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली: या माणसांना कोणत्या अधिकाराने आणि कुठे ठेवलंय ते सांगा. ३ नोव्हेंबर २०२३ ला सुमारे तीन हजार कामगारांना केरेम शालोम या सीमा नाक्यामार्गे गाझात सोडण्यात आलं, आणि तेही भर युद्धात.

---

टाकसाळ

आता नेमकं अडचणीचं विचारतो. गेली तीस-पस्तीस वर्षं या संस्था याचिका करताहेत. २००३ चा कायदा टिकला, सीम झोन टिकला, अवाद अजून उलटलेला नाही. एखाद-दुसऱ्याला परवाना मिळतो आणि सरकार जगाला सांगतं, ‘बघा, आमची न्यायालयं सर्वांना खुली आहेत.’ बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलंच की सैनिकांविरुद्धच्या तक्रारी आता लष्करी तपास यंत्रणेकडे देणार नाही, कारण त्याने फक्त लपवाछपवीला मदत होते. मग हामोकेदने हे थांबवू नये का? मी मुद्दाम टोकाचं विचारतोय, कारण वकील म्हणून हा प्रश्न मला रात्री पडतो.

---

कोकणकडा

मला पटतंय टाकसाळ यांचं. नाटकात काम करायचं बंद करा.

---

रानजाई

टाकसाळ, हा प्रश्न तिथल्या वकिलांमध्येही आहे, गेली कित्येक वर्षं. १९६७ नंतर पॅलेस्टिनींचे खटले चालवणाऱ्या पहिल्या इस्रायली वकिलांपैकी एक, फेलिशिया लँगर, यांनी १९९० मध्ये आपलं कार्यालय बंद केलं आणि देश सोडला. त्यांचं म्हणणं असंच होतं की आता मी या व्यवस्थेला न्यायाचा मुखवटा पुरवणार नाही. लिया त्सेमेल यांनी तसं केलं नाही, आयुष्यभर खटले चालवत राहिल्या. दोघींबद्दल मला आदर आहे.

पण मी त्सेमेल यांच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण तत्त्वापेक्षा कामाच्या पद्धतीत आहे. या प्रकरणांची फार मोठी संख्या निकालापर्यंत जातच नाही. पत्र जातं, उत्तर नाही. स्मरणपत्र जातं, नकार येतो: ‘सुरक्षेच्या कारणाने’. याचिका दाखल होते. सुनावणीच्या आधी सरकारी वकील फाइल उघडतो आणि अचानक हरकत मागे घेतो, कारण गुप्त पुरावा म्हणून बंद लिफाफ्यात न्यायाधीशापुढे ठेवण्यासारखं काही नसतं. वेस्ट बँकमधून जॉर्डनला जाणाऱ्या अलेनबी पुलावर परत पाठवलेल्या माणसांच्या प्रकरणांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. ज्या बाईला अम्मानमध्ये बहिणीच्या लग्नाला जायचं होतं ती पुलापाशी पोहोचल्यावरच कळतं की तिच्यावर प्रवासबंदी आहे. तिने काय करावं? वकिलाने तिला सांगायचं का की मी तत्त्व म्हणून तुझी याचिका करणार नाही? बेत्सेलेमचा निर्णय मला मान्य आहे, कारण तक्रारदाराला त्यातून काही मिळतच नव्हतं. निवासाच्या प्रकरणांत मिळतं. सगळ्यांना नाही, पण मिळतं.

दुसरं कारण. वेस्ट बँकच्या लोकांचं काय झालं हे आज आपल्याला कसं माहीत आहे? १९६७ ते १९९४ या काळात अलेनबी पुलावरून बाहेर जाणाऱ्याला ओळखपत्र तिथे ठेवून तीन वर्षांचं एक कार्ड घ्यावं लागे. मुदतीत परतलं नाही, आणि नंतरचे सहा महिनेही उलटले, की नोंदवहीत शेरा: ‘आता रहिवासी नाही’. त्याला कळवायचंही नाही. कुवेतला नोकरीला गेलेले, कैरोला शिकायला गेलेले. हे किती जणांचं झालं? सुमारे १ लाख ४० हजार. हा आकडा २०११ मध्ये बाहेर आला तो हामोकेदने माहितीच्या अधिकाराखाली विचारलं म्हणून. पुढच्या वर्षी गाझाचा आला: एक लाखाहून जास्त. २०१० चे लष्करी आदेश, ज्यांनी वेस्ट बँकमध्ये राहणाऱ्या पण गाझाचा पत्ता असलेल्या माणसालाही ‘घुसखोर’ ठरवता येईल अशी व्याख्या केली, तेही याच संस्थेने उजेडात आणले.

१९ जुलै २०२४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जे सल्लागार मत दिलं, त्यात पूर्व जेरुसलेमचं निवास परवाना धोरण आणि ये-जा करण्यावरचे निर्बंध हे भेदभावाचे असल्याचं म्हटलं आहे. हेगचे न्यायाधीश कुफ्र अकबला गेले नव्हते. त्यांच्यापुढे आलेल्या अहवालांच्या मुळाशी कोणीतरी एकेका कुटुंबासाठी जमवलेल्या पावत्या, पत्रं आणि नकार आहेत. हरलेल्या याचिकांचेही कागद त्यात आहेत.

---

टाकसाळ

पटलं. लँगर यांचं माहीत नव्हतं. तरी माझा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, आणि बहुतेक सुटणारही नाही.

एक भर: ज्या पॅलेस्टिनी संस्था हेच काम करतात त्यांना तर तुम्ही म्हणता ती सोयही नाही. अल-हक ही १९७९ पासूनची संस्था, वकिलांनीच काढलेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला आणि अद्दमीरसह आणखी पाच संस्थांना ‘दहशतवादी’ ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये रामल्लातल्या कार्यालयांवर छापे घालून दारं वेल्डिंग करून बंद केली. अनेक युरोपीय सरकारांनी पुरावा पटला नाही असं सांगून मदत चालू ठेवली, तरी काम तर अडलंच.

---

साधा_वाचक

ताई, शेवटचा प्रश्न. माझी मुलगी जर्मनीला शिकते. तिच्या वर्गात पूर्व जेरुसलेमची एक मुलगी आहे. ती दर सुट्टीत घरी जाते, तिकिटं कितीही महाग असोत. मुलीला वाटायचं घरची फार ओढ आहे. आता वाटतंय दुसरं काही कारण असेल का?

---

रानजाई

ओढही असेलच. पण कारण बहुधा तेच. शिक्षणासाठी बाहेर गेलेल्यांनी संबंध टिकवल्याचा पुरावा जपून ठेवायचा असतो, आणि घरी येऊन गेल्याच्या पासपोर्टवरच्या नोंदी हा त्यातला एक. अशा विद्यार्थ्यांना वकील साधारण असं सांगतात: येत राहा, प्रवासाचे कागद मुदतीआधी नूतनीकरण करून घ्या, आईवडिलांच्या घराचा पत्ता बदलू नका, विद्यापीठाची पत्रं ठेवा म्हणजे शिकायलाच गेलो होतो हे दाखवता येईल. आणि शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी लागली तर परदेशी कायम निवासाचा अर्ज करण्याआधी जेरुसलेममध्ये वकिलाला विचारा. जर्मन कायम निवास मिळाला की इस्रायली नियमांनुसार तिचा घरचा दर्जा जाऊ शकतो. तुमच्या मुलीला सांगा, तिला हे माहीत असेलच, पण माहीत नसेल तर आजच विचारायला हवं. हामोकेद याबद्दल विनामूल्य सल्ला देते, परदेशातून लिहिलं तरी.

सीम झोनचे निकाल मोठे आहेत, त्यावर स्वतंत्र धागा काढते. कोकणकडा, ऑलिव्हच्या हंगामाबद्दल तुम्ही विचारलेलं तिथे सविस्तर लिहीन.